वृत्तपत्र सांभाळायचे म्हणजे नेमके काय सांभाळायचे? ‘आफ्रो’ आणि ‘डिफेंडर’ यांच्या निमित्ताने

मंडळी, गेल्या खेपेला आपण ‘वारसा’ या शब्दाचा विचार केला. घर वारशाने मिळते ते एका अर्थाने, आणि विचार वारशाने मिळतो तो दुसऱ्या अर्थाने, इथवर आपण आलो होतो. एक मुद्दा तेव्हा वेळेअभावी राहून गेला. काही गोष्टी अशा असतात की त्या कुणाची तरी खासगी मालमत्ता असतात आणि त्याच वेळी एका अख्ख्या समाजाची आठवणही असतात. सातबारा एकाच्या नावावर आणि हक्क सांगणारे हजारो. अशी गोष्ट ज्याच्या हाती येते, त्याने काय करायचे?

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एक उदाहरण घेऊन बसू. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ‘आफ्रो-अमेरिकन’ नावाचे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र १८९२ साली सुरू झाले. लोक त्याला नुसते ‘आफ्रो’ म्हणतात. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आणि यातला जवळजवळ सगळा काळ ते एकाच घराण्याकडे आहे. त्याच्या जोडीला शिकागोचे ‘डिफेंडर’ घेऊ, कारण त्याची वाट वेगळी झाली आणि दोन वाटा शेजारी ठेवल्या की प्रश्न नीट दिसतो.

‘आफ्रो’ सुरू केले ते रेव्हरंड विल्यम अलेक्झांडर नावाच्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने. पण ज्यांचे नाव त्याला कायमचे चिकटले ते जॉन एच. मर्फी. जन्म १८४० चा, गुलामगिरीतला. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढले, सार्जंट झाले. पुढे पोटासाठी घरांना चुना लावण्याचे काम केले, इतरही बरीच कामे केली. चर्चच्या रविवारच्या शाळांचे काम ते पाहत, आणि त्यासाठी घराच्या तळघरात एक छोटे पत्र छापत. १८९७ मध्ये ‘आफ्रो’ची छपाईची सामग्री आणि नाव लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी ते घेतले. पैसे कुठून आले? पत्नी मार्था यांनी दिलेले दोनशे डॉलर. पंचावन्नी उलटलेला माणूस, घरात पोरांचा गोतावळा, आणि लिलावातला छापखाना! आजच्या भाषेत याला कुणी ‘स्टार्टअप’ म्हणेल. आम्ही तरी संसार पणाला लावणे म्हणू. या कथेत मार्थाबाईंचे नाव बरेचदा एका वाक्यात आटोपते. ते तसे आटोपू नये. पहिले भांडवल त्यांचे होते.

आता हे पत्र करत काय होते? आपल्याला वाटते की अन्यायाविरुद्ध अग्रलेख लिहीत असेल. लिहीत होतेच. पण त्याआधी ते जे करत होते ते समजायला मराठी माणसाला फार सोपे आहे. आपल्याकडे ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ यांत केवढे अंतर आहे, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, गोऱ्यांची वृत्तपत्रे कृष्णवर्णीय माणसाच्या नावामागे ‘मिस्टर’ लावत नसत. विवाहित बाईला ‘मिसेस’ म्हणत नसत. शिक्षिका असो, डॉक्टर असो, नुसते नाव. आणि तेही बहुतेक वेळा एखाद्या गुन्ह्याच्या बातमीत. म्हणजे छापील जगात तुम्हाला कायम अरे-तुरे. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होते. आपल्या लिपीत ही भानगड नाही म्हणून सांगतो, ‘नीग्रो’ हा त्या काळी प्रचलित असलेला शब्दसुद्धा लहान अक्षराने छापत. इतर सगळ्या लोकसमूहांना मोठे अक्षर, यांनाच लहान. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९३० मध्ये हे बदलले. १९३० मध्ये! तोवर त्या एका अक्षरासाठी लेख लिहिले गेले, पत्रे पाठवली गेली.

‘आफ्रो’सारख्या पत्रांत लग्ने छापली जात. बारशी, पदवीदान, चर्चमधले सत्कार, कोण कुणाकडे सुट्टीला आले, कुणाचे आजारपण, कुणाचे निधन, सगळे छापले जाई. आणि हे सगळे ‘अहो-जाहो’त. पंडित लोक या पानांना कमी लेखतात. आमचे मत उलटे आहे. अन्यायाच्या बातम्या पुढेमागे न्यायालयाच्या कागदांतून, सरकारी अहवालांतून जुळवता येतील. पण अमक्या साली अमक्या गल्लीतल्या शिंपिणीच्या मुलीचे लग्न थाटात झाले आणि तिने अमुक रंगाचा पोशाख केला होता, ही नोंद दुसरीकडे कुठे असणार? एका समाजाचा साधा दिवस त्या पानांवर आहे. जो समाज इतरांच्या कागदांत फक्त आरोपी म्हणून किंवा मजुरांचा आकडा म्हणून उरतो, त्याचा साधा दिवस हीच सगळ्यात आधी नाहीशी होणारी गोष्ट असते.

जॉन मर्फी १९२२ मध्ये गेले. सूत्रे कार्ल मर्फी या मुलाकडे आली. १९१८ पासून ते संपादनाच्या कामात होतेच. हे कार्ल मर्फी आम्हा मास्तर लोकांना जवळचे वाटावेत असे. हॉवर्ड विद्यापीठ, मग हार्वर्ड, मग जर्मनीत येना. परत येऊन हॉवर्डमध्ये जर्मन शिकवत होते. ती सुखाची नोकरी सोडून वडिलांच्या छापखान्यात आले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. पंचेचाळीस वर्षे! त्यांच्या काळात ‘आफ्रो’ बाल्टिमोरपुरते उरले नाही. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, रिचमंड, नेवार्क अशा शहरांसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघू लागल्या.

कार्ल मर्फी हे पत्र निव्वळ ‘चालवत’ नव्हते, ते त्याचा उपयोग करत होते. १९३५ मध्ये डोनाल्ड मरे या तरुणाला मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाने वर्णामुळे प्रवेश नाकारला. खटला लढवला चार्ल्स ह्यूस्टन आणि थरगुड मार्शल यांनी. मार्शल मूळचे बाल्टिमोरचेच, तेव्हा तरुण वकील. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. तो खटला जिंकला गेला. ‘आफ्रो’ त्याच्या पाठीशी पाने घेऊन उभे होते आणि स्वतः कार्ल मर्फी नागरी हक्कांच्या संघटनेत सक्रिय होते. संपादकाने तटस्थ असावे हे सूत्र त्यांना कुणी ऐकवले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. ज्याच्या मुलांना शाळेच्या दारातून परत पाठवतात त्याने तटस्थ राहायचे म्हणजे कुणाच्या बाजूने राहायचे, हा प्रश्न आहेच.

दुसऱ्या महायुद्धात ‘आफ्रो’ने आपले वार्ताहर आघाड्यांवर पाठवले. कार्ल यांच्या कन्या एलिझाबेथ याही १९४४ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून इंग्लंडला गेल्या, पण आजारपणामुळे त्यांना लवकर परतावे लागले. आणि सॅम लेसी! ते ‘आफ्रो’त आले १९४४ मध्ये. बेसबॉलच्या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा मिळावी म्हणून ते त्याच्या आधीपासून लिहीत होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा लेसी त्याच्याबरोबर गावोगाव फिरले. जिथे खेळाडूला हॉटेलात जागा नाही तिथे वार्ताहराला कुठली? न्यू ऑर्लिन्सला पत्रकार कक्षात घेईनात, तेव्हा ते छतावर जाऊन बसले. मग काही गोरे वार्ताहरही ऊन खायच्या निमित्ताने वर त्यांच्या शेजारी येऊन बसले, अशी हकीकत ते सांगत. २००३ मध्ये, नव्व्याण्णव वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले, तोवर ते ‘आफ्रो’साठी लिहीत होते. एकाच पत्रात जवळजवळ साठ वर्षे. संस्थेची स्मृती कपाटात असते तशी अशा माणसांतही असते, आणि ती कपाटापेक्षा लवकर जाते.

आता ‘डिफेंडर’कडे वळू. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये शिकागोत ते काढले. हातात पंचवीस सेंट, पहिल्या अंकाच्या तीनशे प्रती, आणि कचेरी म्हणजे घरमालकिणीच्या घरातली जागा. हे पत्र दक्षिणेत पोचवले रेल्वेने. रेल्वेतून म्हणजे टपालाने नव्हे. पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर गठ्ठे बरोबर नेत आणि ठिकठिकाणी उतरवत. दक्षिणेतल्या कित्येक गावांत हे पत्र बाळगणे धोक्याचे होते. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. उत्तरेत या, इथे मजुरी आहे, मुलांना शाळा आहे, असे ‘डिफेंडर’ सांगत राहिले, आणि महास्थलांतर म्हणतात त्या लोंढ्याला त्याने मोठा जोर दिला. १९१६ ते १९७० च्या दरम्यान सुमारे साठ लाख माणसे दक्षिण सोडून गेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. दक्षिणेतून माणसे या वृत्तपत्राला पत्रे लिहीत. काम मिळेल का, भाड्याचे पैसे कुणी आगाऊ देईल का, थंडी किती असते, माझे नाव छापू नका. शुद्धलेखनाचा पत्ता नाही अशी ती पत्रे. ती आज वाचता येतात. का? तर एमेट स्कॉट नावाच्या गृहस्थांनी अशी पत्रे जमवून १९१९ मध्ये एका इतिहासविषयक नियतकालिकात छापली. त्यांतली बरीचशी ‘डिफेंडर’ला आलेली होती. स्कॉट यांनी ती तेव्हाच छापली नसती तर त्यांतली किती उरली असती?

उलट बाजूही आहे. १८९२ मध्येच, म्हणजे ‘आफ्रो’ निघाले त्याच वर्षी, टेनेसीतल्या मेम्फिस शहरात आयडा वेल्स यांच्या ‘फ्री स्पीच’ची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. तिघा कृष्णवर्णीय दुकानदारांना झुंडीने ठार मारले, त्यावर त्यांनी लिहिले होते. वेल्स त्या वेळी गावाबाहेर होत्या म्हणून वाचल्या. आज त्या पत्राचे अंक जवळपास मिळतच नाहीत. त्यात काय होते ते कळते इतर पत्रांनी उतरून घेतलेल्या मजकुरावरून आणि वेल्स यांनी पुढे स्वतः लिहिलेल्यावरून. १८९८ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनमध्ये ‘डेली रेकॉर्ड’ची कचेरी जाळली, त्याचेही मोजकेच अंक उरले आहेत. म्हणजे जतन ही सवडीने करायची गोष्ट त्यांच्यासाठी कधीच नव्हती. तरी सांगतो, बहुतेक पत्रे जमावाने नष्ट केलेली नाहीत. ती ओल, उंदीर, भाडे न भरल्याने रिकामी करावी लागलेली खोली आणि रद्दीवाला यांनी नष्ट केली.

बरे, हे सगळे चालायचे कसे? मोठ्या गोऱ्या कंपन्या जाहिरात देत नसत. त्यामुळे पैसा यायचा तो मुख्यतः अंकाच्या विक्रीतून. गंमत बघा, ही अडचणच त्यांचे बळ होती. जाहिरातदार नाही म्हटल्यावर त्याचा राग येण्याची भीतीही नाही. १९४२ मध्ये युद्धकाळात सरकारलाच त्यांचा राग आला. सैन्यातल्या वर्णभेदावर ही पत्रे लिहीत होती, आणि त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा ‘डिफेंडर’चे जॉन सेंगस्टॅक जाऊन अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांना भेटले. हे अ‍ॅबट यांचे पुतणे. काका १९४० मध्ये वारल्यावर पत्र यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी यांनी कृष्णवर्णीय वृत्तपत्र-प्रकाशकांची संघटना उभी केली होती. भेटीत त्यांनी लिखाण थांबवायचे कबूल केले नाही. सरकारी अधिकारी आमच्या वार्ताहरांना भेटायला तयार नसतात, ते भेटले आणि माहिती दिली तर आम्ही आनंदाने छापू, एवढेच म्हणाले. खटले झाले नाहीत. नेतृत्व म्हणजे प्रत्येक वेळी मूठ उगारणे नव्हे. कुठल्या दारावर जाऊन काय बोलायचे, हे कळणेही त्यात येते.

मग नागरी हक्कांचे कायदे झाले, आणि इथे या कथेतला खरा पेच सुरू होतो. १९६० च्या दशकात शहरांत दंगली उसळल्या. गोऱ्या वृत्तपत्रांकडे त्या वस्त्यांत जाऊ शकेल असा माणूसच नव्हता. केर्नर आयोगाने १९६८ मध्ये वृत्तपत्रांना यावरून चांगलेच सुनावले. मोठ्या पत्रांनी कृष्णवर्णीय पत्रकार नेमायला सुरुवात केली, आणि ते आले कुठून? अर्थातच अनुभवी माणसे होती ती ‘आफ्रो’, ‘डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ यांसारख्या पत्रांत. जास्त पगार, मोठे नाव, माणसे गेली. त्यांना कोण दोष देईल? याच हक्कासाठी तर ही पत्रे लढत होती. वाचकही वेगवेगळ्या वस्त्यांत पांगले. दार उघडावे म्हणून पन्नास वर्षे धडका मारल्या. दार उघडले आणि पहिल्यांदा बाहेर पडली ती आपल्याच घरातली माणसे. ज्या संस्थेचे यश हेच तिच्या क्षयाचे कारण होते, तिने यशाची इच्छा धरावी की नाही? तर्कशास्त्रात असे कोडे बरे वाटते. पगारपत्रकावर सही करणाऱ्याला ते कोडे नसते.

सेंगस्टॅक यांनी १९५६ मध्ये ‘डिफेंडर’ दैनिक केले. १९९७ मध्ये ते वारले, आणि वारसाकराचा बोजा, विश्वस्त, कुटुंबातले मतभेद या सगळ्यांतून वाट काढता काढता २००३ मध्ये पत्र दुसऱ्या कंपनीकडे गेले. १० जुलै २०१९ ला त्याचा शेवटचा छापील अंक निघाला. आता ते फक्त इंटरनेटवर आहे.

तर मग ‘डिफेंडर’ आहे की संपले? ‘मिलिंदपञ्ह’ आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: महाराज, आपण रथातून आलात, तर रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे? जू म्हणजे? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि या सगळ्यांच्या वेगळा असा रथही दाखवता येत नाही. हाच प्रश्न इथे विचारा. कागद म्हणजे वृत्तपत्र का? कुटुंब? कचेरी? नाव? नागसेनांचे उत्तर असे की ‘रथ’ हा या भागांच्या आधाराने व्यवहारात चालणारा शब्द आहे. आम्ही त्यात एवढेच घालू की वृत्तपत्राच्या बाबतीत या व्यवहारात एक शब्द दिलेला असतो. शिंपिणीने मुलीच्या लग्नाची बातमी कचेरीत आणून दिली ती या भरवशावर की हे टिकेल. मालक बदलला, कागद गेला, तरी दिलेला शब्द कुणाकडे तरी जातोच. ज्याच्याकडे नाव आले, त्याच्याकडे तोही आला.

हा शब्द पाळायचा म्हणजे रोजच्या कामात काय करायचे, ते आता थोडे तपशिलात पाहू, कारण लोकांना वाटते एकदा स्कॅन केले की झाले.

जुना वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हवेने, उजेडाने पिवळे पडते, कागद आंबट होतो आणि घडीवर तुटतो. म्हणून ग्रंथालयांनी मायक्रोफिल्मचा मार्ग धरला. जुन्या कृष्णवर्णीय पत्रांचे अंक ठिकठिकाणाहून शोधून त्यांच्या फिल्म करण्याचे मोठे काम १९४० च्या दशकात झाले. आर्मिस्टेड प्राइड या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी ते नेटाने केले. त्यामुळे अक्षरे वाचली. पण मायक्रोफिल्म काळ्या-पांढऱ्याचा भेद भडक करते, आणि त्यात छायाचित्रांची वाट लागते. करड्या छटा जातात आणि काळ्या माणसांचे चेहरे तर नुसते डाग होऊन बसतात. ही यंत्राची करणी, तिच्यात कुणाचा हेतू नाही, तरी परिणाम तोच. पुढे या फिल्मवरून संगणकाने अक्षरे ओळखायची म्हटले की तुटक्या खिळ्यांनी छापलेली नावे चुकीची वाचली जातात. नाव चुकले की शोधणाऱ्या नातवाला आजी सापडत नाही. पत्रात ती आहे, पण यंत्राला दिसत नाही. शिवाय ‘आफ्रो’ आणि ‘डिफेंडर’ या दोन्हींचे जुने अंक डिजिटल रूपात आहेत ते मुख्यतः वर्गणी भरून वापरायच्या संग्रहांत. विद्यापीठाचे ओळखपत्र असेल तर ठीक. ज्यांच्या लग्नांच्या त्या बातम्या आहेत, त्यांच्या घरच्यांकडे ते असेलच असे नाही.

आणि छापले गेले ते थोडेच. ‘आफ्रो’च्या संग्रहात सुमारे तीस लाख छायाचित्रे आहेत असे सांगतात. शिवाय पत्रव्यवहार, कात्रणे, ध्वनिमुद्रणे. अंकात एक फोटो आला तर त्याच्यामागे न छापलेले दहा. ते फक्त इथेच आहेत.

असा साठा म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्ता म्हटली की सावकार आला. ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही मासिके-साप्ताहिके काढणारी शिकागोची जॉन्सन पब्लिशिंग कंपनी आठवा. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला मिसिसिपीत ठार मारले, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली. त्या चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ने छापले, ‘डिफेंडर’नेही छापले आणि देश हादरला. तर त्या कंपनीचा चाळीस लाखांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह कर्जापोटी तारण होता. २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि संग्रह लिलावात निघाला. चार धर्मादाय प्रतिष्ठानांनी मिळून तीन कोटी डॉलरना तो घेतला आणि स्मिथसोनियनचे आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे संग्रहालय व गेटी संस्था यांच्याकडे सोपवला. शेवट चांगला झाला. पण चार प्रतिष्ठाने त्या दिवशी पुढे आली नसती तर? एखाद्या हौशी धनिकाने घेऊन गोदामात बंद केला असता, तरी कायद्याने त्याला कुणी काही म्हणू शकले नसते.

‘डिफेंडर’च्या बाबतीत अ‍ॅबट-सेंगस्टॅक कुटुंबाने आपली कागदपत्रे शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली, २००९ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पत्र विकले गेले, पण कागद शहराकडे राहिले. आमच्या मते हा त्या घराण्याचा फार शहाणा निर्णय. ‘आफ्रो’ने तिसरी वाट धरली. २०१८ पासून तिथे फ्रान्सिस मर्फी ड्रेपर प्रकाशक आहेत, त्याच घराण्यातल्या. पत्र हा व्यवसाय राहिला आणि संग्रहाची व्यवस्था ‘आफ्रो चॅरिटीज’ या ना-नफा संस्थेकडे गेली. तिचे काम संस्थापकांच्याच वंशातल्या सावाना वुड पाहतात. स्वतः कलावंत आहेत. बाल्टिमोरच्या अप्टन भागातला एक जुना, पडीक वाडा दुरुस्त करून तिथे संग्रह ठेवायची योजना आहे. अप्टन ही त्या शहरातली कृष्णवर्णीयांची नामांकित वस्ती. म्हणजे कागद जिथून आले तिथेच परत जाणार. वेगळी संस्था केल्याने एक साधले: पत्राला तोटा झाला तर आजीचे फोटो विकून पगार करण्याचा मोह होत नाही आणि संग्रहासाठी देणगी मागता येते. पण देणग्या मिळवत राहणे हेही पूर्ण वेळेचे काम आहे, हे कुणी विसरू नये.

आपल्याकडचा धागा इथे ओढूनताणून आणायचा नाही, तो खरोखर आहे म्हणून थोडक्यात सांगतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढले, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. त्याआधी १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबियात होते, हार्लेमला लागून. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. हे सगळे बोलले जाते. कमी बोलले जाते ते हे की ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ आज सामान्य वाचकाच्या हातात येतात, कारण कुणी तरी जुने अंक शोधले, जुळवले, आणि महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये त्यांचा खंड छापला. त्याच काळातली, त्याच चळवळीतली किती तरी छोटी पत्रे केवळ नावाने उरली आहेत. कुणाच्या माळ्यावर ट्रंकेत असतील तर ती दिवाळीच्या साफसफाईत जाण्याआधी जवळच्या ग्रंथालयात दाखवा.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले की नावे ठाऊक नसलेल्या फोटोंचे काय करतात. चांगला प्रश्न. ‘पिट्सबर्ग कुरियर’चे छायाचित्रकार चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांच्या सुमारे ऐंशी हजार निगेटिव्ह कार्नेगी कला संग्रहालयाने २००१ मध्ये घेतल्या. हॅरिस एकच फोटो काढत, दुसरा नाही, म्हणून लोक त्यांना ‘वन शॉट’ म्हणत. पण बहुतेकांवर नावे नव्हती. संग्रहालयाने गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावले, फोटो समोर ठेवले. कुणाला मामा सापडला, कुणाला शाळेतली बाई, कुणाला स्वतःचेच लहानपण. हे काम कुठल्याही यंत्राला येत नाही आणि ते करू शकणारी माणसे दर वर्षी कमी होतात.

दुसऱ्या एकाने विचारले, सगळे स्कॅन झाल्यावर मूळ फोटो ठेवायचे कशाला? तर फोटोची मागची बाजू. तिथे पेन्सिलीने नाव असते, तारीख असते, कधी आधीचे नाव खोडून दुसरे लिहिलेले असते. पुढच्या बाजूला संपादकाने लाल पेन्सिलीने चौकट आखलेली असते. तिच्या आतला माणूस अंकात आला, बाहेरचे चार जण आले नाहीत. ते चार जण कोण होते हे मूळ फोटोवरच दिसते. म्हणून दोन्ही बाजूंचे स्कॅन करावे लागतात, आणि तीस लाखांना दोनने गुणावे लागते.